बिनफुलाची डबी

मलमवालीचे हात खराब झाले, आणि ही गोष्ट गल्लीत कुणाला कळू नये म्हणून तिनं जी नाटकं केली ती सांगायला बसलं तर हसून हसून पुरेवाट होईल. चहाचा कप बाहीतूनच धरायची. बाजारात गेली की पिशवी अशी छातीशी कवटाळायची की बोटं दिसूच नयेत. शेजारीण म्हणाली, "काय हो, थंडी वाजते का?" तर ही भर उन्हात म्हणते, "वाजते थोडी. वय झालं ना आता." एरवी कुणी तिचं वय काढलं तर त्याची धडगत नसे, आणि आता बाई स्वतःच्या तोंडानं वय सांगत सुटली होती.

पण करते काय बिचारी? तिची सगळी जाहिरात म्हणजे तिचे हात. ना पाटी, ना फलक. दारात गिऱ्हाईक आलं की ती डबी आधी दाखवायचीच नाही. दोन्ही हात पुढं करायची, आधी पालथे, मग उताणे. "बघा. लाजू नका, हात लावून बघा. हॉटेलच्या लाँड्रीत सोड्याच्या पाण्यात राबलेत हे हात. आता बोला!" समोरचा काय बोलणार? मुकाट डबी घेऊन जायचा. गवंडी यायचा, भेगाळलेल्या टाचांची नर्स यायची, बाळाचे गाल रखरखीत झाले म्हणून नुकतीच आई झालेली पोर यायची. सगळ्यांना तेच हात, तेच बोलणं. ऐकून ऐकून तिच्या नवऱ्याला पाठ झालं होतं. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत बसून तो ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणायचा, "लाजू नका, हात लावून बघा."

लाँड्रीची गोष्ट मात्र खरी होती, बरं का. तरुणपणी ती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुवायची. सोडा, ब्लीच, गरम पाणी. बोटांना अशा चिरा पडल्या की पांढऱ्या चादरींवर रक्ताचे ठिपके उमटायला लागले. मुकादम ओरडला, "चादर धुतेस की रंगवतेस?" तेव्हा इस्त्रीच्या टेबलावरच्या म्हातारीनं तिला एक छोटी डबी दिली. सोनेरी, मऊ मलम. लावलं तशी आग थांबली. लावत राहिली तशा चिरा मिटत गेल्या. महिना गेला आणि एक दिवस तिनं आपले हात गालांना लावून बघितले, तर ते तिला स्वतःचे वाटेनात. तिथंच, ओल्या चादरींच्या ढिगावर बसून ती रडली.

म्हातारीनं तिला आपल्या घरामागच्या वाफ्यात नेऊन ते फूल दाखवलं. कॅलेंडुला. दिसायला झेंडूसारखं, पण झेंडू नव्हे. पाकळ्या सुट्या सुट्या, मध्यावर दाट, आणि रंग असा की ढगाळ दिवशीसुद्धा वाफ्यात कुणी दिवा लावलाय असं वाटावं. कोरड्या, तापलेल्या, फुटलेल्या कातडीला ते शांत करतं. जादूबिदू काही नाही. गोरं करत नाही, सुरकुत्या घालवत नाही, आणि तसं कुणी विचारलं तर मलमवाली फाडकन सांगायची, "सुरकुत्या घालवायच्या असतील तर दुसरं दार बघा." पण रखरखलेल्या हातांना, बाळाच्या लाल गालांना, वाऱ्यानं फुटलेल्या ओठांना आराम पडायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मलम करायची तिची रीत म्हातारीकडून आलेली आणि दगडावरच्या रेघेसारखी पक्की. दव उडालं की फुलं खुडायची, त्याआधी नाही. सावलीत कापडावर पसरायची. पार कुरकुरीत वाळली की बदामाच्या तेलात बुडवून बरण्या खिडकीत ठेवायच्या, रोज एकदा हलवायच्या, तेल सोनेरी होईतो. मग मलमलीच्या कापडातून गाळून, पिळून, त्यात मधमाशीचं मेण वितळवायचं. आणि यातलं एकही काम हातमोजे घालून करायचं नाही. खुडताना फुलाच्या बुंध्याचा चीक बोटांना चिकटला पाहिजे. "जितका चिकट तितकं फूल चांगलं," ती म्हणायची. "ते डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळत नाही, बोटांनाच कळतं." सुगीच्या दिवसांत तिची बोटं दिवसभर एकमेकांना चिकटलेली असायची, आणि तिला त्याचाही अभिमान.

तर अशा बाईच्या बोटांच्या बेचक्यांत एक दिवस खाज सुटली.

पहिल्यांदा तिनं काय केलं असेल? मलम लावलं. खाज वाढली, तिनं आणखी लावलं. बारीक पुरळ उठलं, मग कातडी लाल झाली, मग चिरा. तिनं सकाळ-संध्याकाळ चोपडलं. भांड्यांचा साबण बदलला. कपड्यांचा साबण बदलला. टॉवेल उकळले. लोकरीचा स्वेटर कपाटात गेला. बटाटे सोलायचं काम नवऱ्याकडे आलं. शेवटी काहीच सापडेना तेव्हा तिनं नवऱ्याकडेच संशयानं बघितलं. "तुम्ही दाढीला ते नवीन काय लावता हो?"

"मी दाढीला लावतो ते तुझ्या हाताला कसं होईल?"

"टॉवेल एकच आहे ना आपला!"

त्या दिवसापासून त्याला वेगळा टॉवेल मिळाला.

नवरा शहर-बसवर ड्रायव्हर होता. आता निवृत्त, पण गल्ली अजून त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणायची. मोजकं बोलणारा माणूस. काही बोलायचं झालं तर आधी आरशात मागचं-पुढचं बघून घेतल्यासारखा थांबायचा, आणि बहुतेक वेळा मलमवाली तेवढ्यात दुसऱ्या विषयावर गेलेली असायची. मलमाच्या खोलीत मात्र त्याला प्रवेश नव्हता. एकदा त्यानं गाळलेल्या तेलाच्या बरणीवर आपली टोपी ठेवली होती. तेव्हापासून नाहीच.

हातांचं हे असं चाललेलं असताना नेमका औषधवाल्या बाईंचा निरोप आला. चौकातलं मोठं औषधांचं दुकान त्यांचं. नाकावर चष्मा, बोलणं तोललेलं, आणि उगाच कुणाचं काही दुकानात ठेवायच्या नाहीत. मलमवालीनं किती वर्षं वाट बघितली होती! आपली डबी त्या काचेच्या कपाटात, खऱ्या औषधांच्या शेजारी. म्हातारी इस्त्रीवाली आता नव्हती, पण ती डबी तिथं दिसली की म्हातारीचंच ऋण फिटेल असं तिला वाटायचं. आणि आता महिन्याभरानं बाई स्वतः येणार होत्या, मलम कसं करता ते बघायला. निरोपाच्या शेवटी म्हणाल्या होत्या, "तुमचे हात बघायचेत हो मला. फार ऐकलंय."

मलमवाली तशीच नवऱ्याकडं धावली.

"आता काय करू हो मी?" तिनं नवऱ्यापुढं हात पसरले. बोटं सुजलेली, बेचक्या लालभडक, करंगळीपाशी कातडी सोललेली. "मलमवालीचेच हात हे असे! कोण ठेवेल माझी डबी?"

ड्रायव्हरसाहेब हळहळले. काही बोलणार होते, पण तेवढ्यात ती उठलीसुद्धा. तिला उपाय सुचला होता. मलम कमी पडतंय! तिनं मोठं पातेलं काढलं आणि खास स्वतःसाठी दुप्पट फुलांचं मलम केलं. सोनेरी कसलं, केशरीच झालं ते. त्यानंतर तिचे हात कसे झाले ते सांगायला नको.

त्यातच धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बहिणीला दुसरं कुणी नव्हतं. मलमवाली तिकडं गेली. गडबडीत ती खास डबी खिडकीतच राहिली. बहिणीच्या घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं तेव्हा ती अशी कळवळली, जणू लेकरूच घरी विसरलं. बहीण म्हणाली, "माझं क्रीम लाव की." "तुझं ते दुकानी लोणी तुलाच ठेव," असं म्हणून तिनं काहीच लावलं नाही. आणि काय सांगावं, आठवडा संपेपर्यंत हात निवळले. लाली गेली, चिरा मिटल्या.

घरी आली ती उड्या मारतच. "हवापालट! मी म्हणत नव्हते? आपल्या गल्लीतली धूळच वाईट." आल्या आल्या पदर खोचून मलमाच्या खोलीत शिरली, परसातल्या वाफ्यातली राहिलेली फुलं खुडली, तेल पिळलं, वर ती केशरी डबी काढून हातांना चोपडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटं पुन्हा टम्म.

ड्रायव्हरसाहेबांनी हे सगळं बघितलं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. बसमध्ये कुठून खडखड येतेय ते कळेना, की मेकॅनिक एकेक वस्तू काढून बघायचा. ज्या वस्तूशिवाय खडखड थांबली, ती वस्तू दोषी. इथं तर सगळं काढून झालं होतं. साबण, स्वेटर, बटाटे, टॉवेल. एकच वस्तू कधी निघाली नव्हती. निघाली ती फक्त बहिणीकडे गेल्यावर. त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर प्रश्न पडला. हे हिला सांगायचं कुणी?

त्यानं मूग गिळून दोन दिवस काढले. मग ती बाजारात गेलेली बघून तो चोरासारखा त्या खोलीत शिरला, कोरं बदामाचं तेल आणि मेण घेतलं, जन्मात पहिल्यांदा मलम केलं, आणि तिची केशरी डबी रिकामी करून, धुऊन, त्यात ते भरून ठेवलं.

संध्याकाळी हाक आली.

"अहो! इकडं या."

"काय झालं?"

"ही डबी कुणाची?"

"तुझीच की."

"माझी? माझ्या मलमाचा रंग असा असतो? हे काय, मेणबत्ती वितळवून ओतलीत?"

तो जरा थांबला. "फार गुठळ्या झाल्यात का?"

"गुठळ्या? खडी आहे ही खडी! रस्ता होईल यात!" तिनं बोटानं एक गुठळी वर काढून त्याच्या नाकासमोर धरली. "मेण वितळायच्या आधीच उतरवलंत ना? आणि यात फूल कुठंय?"

"नाहीये."

"का नाहीये?"

आता मात्र मागचं-पुढचं बघायला वेळ नव्हता. "कारण तुला फूल चालत नाही," तो म्हणाला. "बहिणीकडे गेलीस, डबी इथं राहिली, हात बरे झाले. आलीस, फुलाला हात लावलास, परत सुजले. सगळं काढून बघितलंस तू. साबण काढलास, टॉवेल काढलास, मला काढायचं तेवढं राहिलं होतं. फूल काही काढलं नाहीस."

ती जी भडकली म्हणता! "माझ्या फुलावर आळ घेता? ज्या फुलानं मला माझे हात परत दिले, त्याच्यावर? तुम्हाला काय कळतंय त्यातलं? बसवाले तुम्ही! चार चाकं नि एक घंटी!"

"घंटी कंडक्टरची असते," तो पुटपुटला, आणि ते बोलायला नको होतं. खोलीचं दार धाडकन बंद झालं.

अबोला सुरू झाला. ताट पुढं सरकवलं जायचं, पण शब्द नाही. आणि औषधवाल्या बाईंना यायला दोनच दिवस उरलेले. मलमवालीचा रागानं जीव नुसता धुमसत होता. या माणसाला एकदाच तोंडावर पाडायचं, तेही पुराव्यासकट, असं तिनं ठरवलं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी धडधाकट होती, तिथं तिनं आपलं मलम लावलं. उजव्या कोपराला त्याची ती खडी. दोन्हीवर स्वच्छ कापडाची पट्टी. मग नवऱ्यासमोर उभी राहून दोन्ही कोपरं दाखवली आणि अबोला न मोडता निघून गेली. त्यानं ओळखलं. त्याला मनापासून वाटलं, देवा, मी खोटा ठरू दे.

बाई यायच्या त्या दिवशी सकाळी तिनं मलमाच्या खोलीत जाऊन पट्ट्या सोडल्या.

आधी उजवी. काही नाही. कातडी मऊ, गुठळीचा एक पांढरा ठिपका, बस. मग डावी. पट्टीएवढा लाल चौकोन, कुणी आखून द्यावा तसा, त्यात बारीक फोडांचं दाट रान. सोडायच्या आधीच तिला कळलं होतं म्हणा. रात्रभर तिथं आग होत होती आणि ती स्वतःला सांगत होती की पट्टी घट्ट बसलीय.

ती स्टुलावर बसली. खिडकीत बरण्यांची रांग, उन्हात सोनेरी. कापडावर पाकळ्या पसरलेल्या. तिला हुंदका आला. किती वर्षांची सोबत ही! लाँड्री सुटली, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, पण हे फूल राहिलं. दर वर्षी पहिली कळी उमलली की तिला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. आणि तेच आता तिला हात लावू देत नव्हतं. तिला राग नाही आला. तिला फार एकटं वाटलं.

दार हळूच उघडलं. ड्रायव्हरसाहेबांनी डावं कोपर बघितलं. "बघितलंस ना, मी म्हणालो होतो," असं तो म्हणाला असता तर गोष्ट इथंच भलतीकडं गेली असती. तो म्हणाला, "फार आग होतेय का गं?"

"होतेय," ती म्हणाली. अबोला संपला.

"बाई येतील आता," जरा वेळानं तो म्हणाला. "लांब बाह्यांचं घाल. हातमोजे घाल. भाजलंय म्हणून सांग. आजची वेळ निभावून नेऊ."

तिनं लांब बाह्यांचा ब्लाउज घातला, हातमोजेही चढवले. औषधवाल्या बाई आल्या. त्यांनी फुलं हुंगली, बरण्या उन्हाला धरून बघितल्या, वाळवण बोटांनी चुरगाळून बघितलं, मलम मनगटावर घासलं. एकदाच म्हणाल्या, "छान." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं. मग चष्मा वर सरकवून त्या म्हणाल्या, "आणि ते प्रसिद्ध हात?"

दाराआड ड्रायव्हरसाहेब उभे आहेत हे तिला माहीत होतं. भाजलंय, म्हणायचं. एका शब्दाचं काम. काचेचं कपाट त्या एका शब्दावर होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं आली ती रखरखीत गालांच्या बाळाची आई. ते बाळ, आणि त्याच्या गालावर असला लाल चौकोन.

तिनं हातमोजे ओढून काढले, डावी बाही वर केली आणि दोन्ही हात पुढं केले. आधी पालथे, मग उताणे, सवयीनं.

"हे बघा," ती म्हणाली. "माझ्याच मलमानं झालंय. माझ्याच फुलानं. लोकांना चालतं, मला चालेनासं झालंय. आणि मी येडी, खाज सुटली की तेच लावत बसले. लपवणार होते मी तुमच्यापासून. आता ठेवायची तर ठेवा, नाहीतर राहू दे. पण ठेवलीत तर डबीवर लिहायचं, की आधी कोपराच्या आत लावून बघा, दोन दिवस थांबा, मग वापरा. आणि हेही लिहायचं, की करणारीलाच हे चालत नाही."

बाईंनी तिचा हात हातात घेतला, उजेडाकडं वळवला, बराच वेळ बघितला. "होतं असं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नाही, थोड्यांना. शेवंती, सूर्यफूल, हे सगळं एकाच कुळातलं. कुणाला पहिल्याच दिवशी चालत नाही, कुणाला वर्षानुवर्षं हाताळल्यावर चालेनासं होतं. तुम्ही तर उघड्या बोटांनी चीक काढत बसलात. डॉक्टरांना दाखवा एकदा. फूल वाईट नाही हो. तुमचं आणि त्याचं आता पटत नाही, एवढंच."

"आणि डबी?"

"दुसरं सगळं लिहू. ते शेवटचं मात्र नको, लोक घाबरतील. ते मी तोंडी सांगेन, आणि सांगेनच." बाई पहिल्यांदा हसल्या. "ठेवते मी. आमच्याकडे जो येतो तो सांगतो, आमचं सगळ्यांना चालतं. त्यांची मला भीती वाटते." मग त्या गंभीर झाल्या. "पण एक सांगा. तुम्हाला आता याला हातच लावायचा नाहीये. खुडणं नाही, पिळणं नाही. मग करणार कोण?"

खरं घोडं तिथंच अडलं होतं. मलमवालीनं पाकळ्यांकडं बघितलं. कपाट मिळालं होतं, आणि त्यात ठेवायला डबी उरली नव्हती.

"मी करीन," दाराआडून आवाज आला.

दोघी वळल्या. ड्रायव्हरसाहेब दारात उभे होते, टोपी हातात, उंबऱ्याच्या बाहेर. आत यायची परवानगी अजून कुणी दिली नव्हती.

"तुम्ही?" मलमवाली म्हणाली. "तुम्ही खडी करता!"

"तू शिकवशील ना पण."

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "टोपी बाहेर ठेवून या."

तेव्हापासून त्या खोलीत जे चालतं ते ऐकायला शेजारीण मुद्दाम कपडे वाळत घालायला बाहेर येते. मलमवाली दाराशी, फुलांपासून हातभर लांब, स्टुलावर बसलेली असते आणि तोंडाचा पट्टा चालू. "अहो, दव आहे अजून! खुडताय काय? हळू, देठ ओढू नका, बसचा गिअर आहे का तो? हलवा बरणी. हलवा म्हटलं, आपटा नाही!" पहिल्या खेपेला त्यानं पाकळ्या पुरत्या न वाळवता तेलात घातल्या आणि अख्ख्या बरणीला बुरशी आली. ती एक अक्षर बोलली नाही, नुसती बरणीकडं बघत राहिली, आणि त्याला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. दुसऱ्या खेपेला मलम जमलं. तिसऱ्या खेपेला एके सकाळी वाफ्यातून त्याची हाक आली. "अगं! हे फूल चांगलंय! बोटं सुटेचनात!" ती स्टुलावरून उठली नाही, पण तिचा चेहरा असा उजळला म्हणता.

आणि गंमत बघा. आयुष्यभर स्टिअरिंगनं घासून ड्रायव्हरसाहेबांचे तळवे खरवडल्यासारखे झाले होते, भेगाळलेले. बायको मलमवाली असून त्यानं कधी डबी उघडली नव्हती. बायकी वाटायचं त्याला. आता रोज तेल पिळून पिळून ते तळवे मऊ झाले. परवा औषधवाल्या बाईंनी पाठवलेला एक सुतार दारात आला. मलमवालीनं सवयीनं हात पुढं केले, मागं घेतले, आणि आत तोंड करून ओरडली, "अहो! जरा हात घेऊन या!"

ड्रायव्हरसाहेब आले. लाजले. तरी हात पुढं केले.

"लाजू नका, हात लावून बघा," ती सुताराला म्हणाली. "शहरभर बस फिरवलीय या हातांनी. आता बोला!"

तिचे स्वतःचे हातही आता निवळलेत. डॉक्टरांचं औषध झालं, आणि रोज संध्याकाळी ती बिनफुलाची डबी उघडते. पांढरट, बिनवासाचं, साधं मेण आणि तेल. आता त्यात गुठळी नसते. ते लावायचं काम त्याचं, पण त्याआधी त्याला मोरीत उभं राहून साबणानं कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, कारण दिवसभर फुलात असतात ते.

"धुतलेत?" ती आतून विचारते.

"धुतलेत."

"नखांतलं?"

"तेही."

तो येऊन शेजारी बसतो, मऊ, ओले, गार हात पुढं करतो, आणि ती आपले दोन्ही हात त्यात ठेवून देते.